पडदा आणि भिंत

ती. दादास नमस्कार.

मी बरी आहे, खोकला गेला. घरात घालायच्या भिंतीचा नकाशा आणि संमतीचा कागद मिळाला.

वहिनीनं विचारलंय, मी काम तरी काय करते? तिला सांग, आम्ही जिवाणूच्या पोटात एक जादा पडदा तयार करतो. औषध बनवणारी दोन एन्झाइमं आत मोकळी फिरायची. पहिल्यानं अर्धवट केलेला माल दुसऱ्याकडे पोचेपर्यंत इकडेतिकडे सांडायचा. तो विषारी, त्यामुळे जिवाणूच मरायचा. आता दोन्ही एन्झाइमं पडद्यावर शेजारी शेजारी बसवली आहेत. माल या हातातून त्या हातात जातो. मंगळवारपासून एकाही चंबूतले जिवाणू मेले नाहीत. आमचे साहेबसुद्धा हसले, म्हणजे बघ!

तू आणि धाकटा बोलत नाही, त्यात मी पडत नाही. नकाशा व्यवस्थित आहे, दोन्ही स्वयंपाकघरं सारखी आली आहेत. भिंत मधल्या खोलीतून जाते. आईची खाट अजून तिथेच असते ना? ती कुठल्या बाजूला जाणार, ते नकाशात कुठे दिसलं नाही.

सही करून ठेवली आहे. आईला विचारून कळव, मग कागद पोस्टात टाकते.

तुझी,
मधली