तोंडी आदेश देणारे साहेबच चौकशी अधिकारी

प्रति,
मा. पोलीस उपायुक्त,
परिमंडळ कार्यालय, मुंबई पूर्व उपनगर.

विषय : विभागीय चौकशीतील चौकशी अधिकारी बदलून मिळणेबाबत.
संदर्भ : मला बडतर्फ करणारा आदेश रद्द करणारा न्यायाधिकरणाचा निर्णय.

महोदय,

मी पोलीस शिपाई, राहणार टेकडी पोलीस वसाहत, मुलुंड. आमच्या इमारतींची छते गळतात. पोलिसांना आंदोलन करता येत नाही, म्हणून गेल्या वर्षी आमच्या बायका व निवृत्त मंडळी गेटवर धरण्याला बसली. त्यांत माझी पत्नी मीराही होती.

तेव्हाचे पोलीस निरीक्षक श्री. चंद्रप्रकाश वाघचौडे यांनी मला साध्या वेशात धरण्यात बसून माहिती काढण्याचे फर्मावले. "घाडी, तू तिथलाच, कोणाला संशय येणार नाही. गप्प बसू नकोस, जरा ओरड," हे त्यांचे शब्द. वसाहतीतले कुत्रेही मला ओळखते, हे मी नम्रपणे सांगून पाहिले. तोंडी आदेशाची प्रत मिळत नाही, म्हणून जोडलेली नाही.

मी ओरडलो. त्याचा व्हिडिओ फिरला आणि मला बडतर्फ केले. माझ्या दहशतीमुळे साक्षीदार पुढे येणार नाहीत, सबब चौकशी शक्य नाही, असे आदेशात लिहिले होते. साक्षीदार म्हणजे शेजारच्या वहिनी आणि निवृत्त हवालदार धोंडिराम काका. माझी दहशत आमच्या घरातही कोणी मानत नाही.

न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द करून रीतसर चौकशीची मुभा दिली. मला कामावर घेतले आणि त्याच दिवशी निलंबित केले, तेही सहन केले. परंतु चौकशी अधिकारी म्हणून आता सहायक आयुक्त झालेले श्री. वाघचौडे यांनाच नेमले आहे. आदेश कोणी दिला, हे मी त्यांनाच विचारायचे, उत्तर त्यांनीच द्यायचे आणि ते खरे की खोटे हेही त्यांनीच ठरवायचे. याला चौकशी म्हणणे मला जड जाते.

सबब चौकशी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी व श्री. वाघचौडे यांना साक्षीला बोलवावे.

माझे वकील सांगतात, घोषणा केवळ हुकूम म्हणून दिल्या असेच म्हणा. पहिली हुकूम म्हणून दिली. पुढच्या घोषणा मीराशेजारी बसून मनापासून दिल्या, कारण छत माझेही गळते. विचारले तर हेही सांगेन, मग नोकरी राहो न राहो. विचारणारे साहेब तेवढे दुसरे असावेत.

आपला, अजून तरी आपल्याच खात्याचा,
(सही)
जयवंत धाकू घाडीगावकर
मुलुंड, दि. १४ जुलै २०२५