रविवारची प्रार्थना

प्रिय शामुवेलदादा,
सलाम.

तू चर्चची मंडळी सोडलीस तेव्हा मी तुला नको नको ते बोलले, म्हणून हे पत्र टाकायला धीर होत नाही.

उलव्याच्या आमच्या मंडळीत बारा वर्षं मीच प्रार्थना चालवते. काल शेजारच्या पुतळाकाकूंनी माझा हात धरला. त्यांचे वामनकाका आयसीयूत आहेत.

"तुजा देव आयकतो म्हनतात. यांच्यासाठी माग."

मी डोळे मिटून दर रविवारची प्रार्थना न अडखळता म्हटली. आमेननंतर काकू हळूच म्हणाल्या, "यांचं नाव नाय घेतलंस."

मी पुन्हा डोळे मिटले. एकही शब्द येईना. देवाशी शेवटचं कधी बोलले, तेही आठवेना. काकूच माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

आज त्यांनी परत बोलावलंय. दादा, तू अजून प्रार्थना करतोस का?

तुझी,
रूथ