साडेपाचची भूपाळी

३ ऑक्टोबर
आजपासून रियाझ. बिबवेवाडीच्या बागेतल्या दिवाळी पहाटमध्ये यंदा माझी भूपाळी. संयोजक नीरजाताई स्वतः म्हणाल्या, पहिले तुम्हीच गा, बरोबर साडेपाचला या. सुरुवात कोणाला देतात, हे कळणाऱ्याला कळतं. हिला सांगितलं. ती म्हणाली, पत्रिकेत तर सहाची वेळ आहे. छपाईच्या चुका व्हायच्याच. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण हिने माझं एकही गाणं पूर्ण ऐकलेलं नाही. यंदा ऐकवणार म्हणजे ऐकवणार.

७ ऑक्टोबर
साडेचारचा अलार्म वाजला. बंद केला. आवाजाला विश्रांतीही लागते. उद्यापासून नक्की.

११ ऑक्टोबर, दुपार
रियाझ सुरू. खालच्या मजल्यावरचे दिगंबरराव वर येऊन विचारून गेले, घरात कोणाला बरं नाही का. काही माणसांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

१६ ऑक्टोबर
तेलकट पूर्ण बंद. फक्त ज्येष्ठमध आणि गरम पाणी. संध्याकाळी ही चकल्या तळत होती. चव बघितली. नऊ.
दुसरं कडवं पाठ होत नाही. फार घोकलं की भाव मरतो, म्हणून सोडून दिलं.

१९ ऑक्टोबर
जीव थाऱ्यावर नाही. घरात येरझारा, मग गच्चीत येरझारा, मग पुन्हा घरात. हिला म्हटलं, उद्या साडेपाचला यायचं. ती म्हणाली, आंघोळ, पूजा, फराळाची ताटं, एवढं उरकलं तर बघू. बघू म्हणजे नाही. एकतीस वर्षांत एवढं तरी कळतं.

२० ऑक्टोबर, पहाटे ३.४०
डोळ्याला डोळा नाही. उटणं, अभ्यंगस्नान, नवा झब्बा. घसा जरा बसलाय. खर्ज छान लागेल. ही आतल्या खोलीत. उठवलं नाही. मानी माणूस दोनदा सांगत नसतो.

२० ऑक्टोबर, सकाळी ९.३०
हाउसफुल्ल. दोनशे खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीवर रुमाल. मंडळी जागा धरून आंघोळीला घरी गेली होती, पण धरलेली जागा ती भरलेलीच. डोळे मिटून गायलो. दुसऱ्या कडव्याला अडलो, म्हणून पहिलंच पुन्हा घेतलं. तेवढ्यात साउंडवाले बद्रीनाथ म्हणाले, "बास काका, माइकची लेव्हल मिळाली." सहा वाजता नीरजाताईंनी दीप लावून कार्यक्रमाला सुरुवात केली. मी मागच्या गेटने निघालो. कोपऱ्यावर दोन चहा घेतले, तरी घरी जाववेना.

शेवटी गेलो. हिला सांगितलं, गाणं रंगलं, लोकांना बसायला जागा नव्हती, वन्स मोअर आला. ती फराळाचं ताट वाढत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे. मीही मागे उभीच होते. रुमाल टाकला नव्हता ना मी."

दुसऱ्या कडव्याबद्दल काही बोलली नाही. माइकबद्दलही नाही. मला फार लाज वाटली. दोनशे रिकाम्या खुर्च्यांच्या मागे ही एकटी उभी होती, आणि मी डोळे मिटून गात होतो.