'मंदाकिनी' तोडायला घेतली

कांदिवली,
१८ नोव्हेंबर १९५५

प्रिय शेवंती,

तुझे कुळीथ आणि सोलं पोचली. मुलांनी पिठल्यावर ताव मारला. ह्यांचं मात्र आठवडाभर जेवणात लक्ष नाही. का, तेच सांगायला बसले आहे, पण बोटीपासून सुरुवात केल्याशिवाय मला जमायचं नाही.

'मंदाकिनी'तूनच तू लग्न होऊन मुंबईला आलीस. नवरदेव लवूभावजी स्वतः सुकाणूवर आणि तू खाली ओकाऱ्या काढून अर्धमेली! आंब्याच्या पेट्या, कोंबड्या आणि चाकरमानी वाहणारी ती साधी बोट. लढाई आली तशी सरकारनं ती मागून घेतली, करडा रंग फासला, पुढे तोफ बसवली आणि समुद्रातले सुरुंग काढायला धाडली. लवूभावजीही तिच्याबरोबर गेले. निघताना मी थट्टेनं विचारलं, तोफेवर पापड वाळत घालता येतात का म्हणून. सगळे हसले, तू नाही हसलीस.

त्रेचाळीस साली ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ सुरुंग फुटला. बोट लंगडत बंदराला लागली, भावजी मात्र सापडले नाहीत. 'बेपत्ता' एवढंच सरकारनं कळवलं. त्या एका शब्दावर तू कुंकू राखलंस. लढाईनंतर बोट मालकाला परत मिळाली, तोफ निघाली, पांढरा रंग लागला, तेव्हा तू धक्क्यावर जाऊन तिची ओटी भरलीस. बोट आली म्हणजे माणूसही येईल, असं तुझं म्हणणं. पुढे वेंगुर्ल्याला जाऊन राहिलीस, तेही बोट तिथे लागते म्हणून. खरं सांगते, मला तुझा राग यायचा. आम्ही रडून मोकळे झालो होतो आणि तू आम्हाला खोटं पाडत होतीस.

गेल्या आठवड्यात हे कामासाठी दारूखान्याकडे, जुन्या बोटी मोडतात तिथे, गेले होते. तिथे 'मंदाकिनी' तोडायला घेतलेली. पांढरा रंग खरवडला होता तिथे खालचा करडा दिसत होता म्हणे. घरी आले ते हातपाय न धुताच बसले आणि म्हणाले, "आता तो कशातून येणार गं?" इतकी वर्षं हेही वाट पाहत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

बारा वर्षं बेपत्ता राहिलेल्या माणसाचं जे करतात, ते आम्ही काल खारदांड्याच्या किनाऱ्यावर केलं. दर्भाचा पुतळा, डोक्याच्या जागी नारळ. ह्यांनी पाठच्या भावाला अग्नी दिला. आधी कळवलं असतं तर तू करू दिलं नसतंस, म्हणून नाही कळवलं. आम्हाला हव्या तितक्या शिव्या दे. हे रविवारी तुला आणायला निघतील. यायचं की नाही, ते तू ठरव. कुंकवाबद्दल तुला कोणी विचारणार नाही, विचारलं तर गाठ माझ्याशी आहे. सुतकाचं पत्र, म्हणून माथ्यावर मी 'श्री' घातलेला नाही. वाचून झालं की फाडून टाक आणि डोक्यावरून पाणी घे.

तुझीच,
सुगंधाताई