दुसऱ्या साक्षीची जागा

लिहून ठेवणार कोंडीबा नाथाजी जगदाळे, वय अदमासे साठ, धंदा हळदीची पेवे व आडत, राहणार हरिपूर, संस्थान सांगली; मूळ गाव वाईजवळ, जिल्हा सातारा. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीवर असताना सांगून लिहवून घेत आहे. या घडीला मला रागही आलेला नाही. वकिलांना हे वाक्य नको होते, पण मला ओळखणाऱ्यांना शुद्धीपेक्षा त्याचीच खात्री जास्त हवी असेल.

मिरजेच्या डॉक्टरांनी माझी छाती तपासून लांबचे बेत करू नका असे सांगितले आहे. तेव्हा जवळचे उरकून घेतो.

आधीच एक गोष्ट नमूद करतो. या कागदावर दोन साक्षी लागतात. पहिली शेजारचे लालासाहेब इनामदार यांची. दुसरी माझा धाकटा भाऊ मानसिंग याचीच हवी. त्याला निरोप गेला आहे, आणि तो येईपर्यंत मी सही करणार नाही. वकिलांनी बजावले, की सहीआधी माझे बरेवाईट झाले तर हा कागद रद्दीत जाईल. मला मूलबाळ नाही, तेव्हा पत्नीच्या हयातीनंतर सगळे कायद्याने भावालाच मिळेल. म्हणजे न येण्यातच मानसिंगचा फायदा आहे. हे मला चांगले कळते. तरीही मी त्याची वाट पाहणार आहे.

कलम पहिले. हरिपुरातले राहते घर, परसातल्या विहिरीसह, माझी पत्नी साळूबाई हिला देतो. ते तिने ठेवावे, विकावे, कोणाला द्यावे, तिची मर्जी. भाडेकरू ठेवायचा झाल्यास तंबाखू खाणारा ठेवू नये, असे मी पुढे लिहायला सांगितले, तेव्हा ती आतून म्हणाली, "आवं, मेल्यावर बी घरावर हुकूम चालवायचा हाय व्हय?" सबब ती अट काढून टाकली आहे. या बाईने माझा सगळा इतिहास ऐकून माझ्याशी लग्न केले आणि पुन्हा कधी त्याचा विषय काढला नाही. तिच्या उपकाराची फेड घराने होत नाही, पण माझ्यापाशी घरच आहे.

कलम दुसरे. मूळ गावच्या वडिलोपार्जित जमिनीवर माझा दावा नाही. त्याचे हक्कसोडपत्र मी मागल्या साली वाईला नोंदवून दिले आहे. इथे तिचा उल्लेख करतो तो मी तिथून का निघालो हे कळावे म्हणून.

माझ्या हाताला तरुणपणी फार घाई होती. विहिरीच्या पाळीवरून चुलतभावाशी भांडण झाले आणि मी कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या पायावर घातला. तो जन्माचा लंगडा झाला, मी साताऱ्याच्या तुरुंगात गेलो. शिक्षा भोगली, त्याची माफी मागितली, ती त्याने दिली. तो विषय तिथे संपला.

वडिलांचा मात्र संपला नाही. मी तुरुंगात असताना ते वाईच्या घाटावर गेले आणि थोरला मुलगा वारला असे सांगून माझ्या नावाने पिंड द्यायला बसले. एका भटजींनी पोलीसपाटलाचा दाखला मागितला, दुसऱ्यांनी मागितला नाही. घरी येऊन गावाला माझे तेरावे घातले. सुटून मी घरी गेलो, तेव्हा वडील ओट्यावर बसलेले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता शेजाऱ्याला सांगितले, "कोन पावना आलाय बघ. पानी देऊन वाटंला लाव." आई दाराच्या आत उभी होती. मानसिंग तिच्या पदराआडून माझ्याकडे टकमक बघत होता. त्याला मी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेली होती. मी पाणी न पिता निघालो आणि कृष्णेच्या काठाकाठाने खाली चालत राहिलो. ज्या पाण्यात माझा पिंड सोडला तेच पाणी माझ्याबरोबर हरिपूरपर्यंत आले.

कलम तिसरे. माझ्या मालकीच्या पेवांपैकी नदीकडची निम्मी पेवे आणि सांगलीच्या पेठेतली आडत रसूल रहिमान याला देतो. उरलेली निम्मी साळूबाईला. वाचणारा परमुलखाचा असेल तर सांगतो: पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेले कोठार. तोंड माणूस उतरेल एवढे, आतले पोट खोलीएवढे. उसाचा पाला लावून त्यात हळद भरतात, तोंड मातीने बंद करतात. हळद वर्षानुवर्षे टिकते, पण आतली हवा माणसाच्या कामाची राहत नाही. म्हणून पेव उघडले की ते तसेच सोडून बसायचे असते. मग दोरीने कंदील आत उतरवायचा. तो जळत राहिला तर माणूस उतरतो, विझला तर आणखी बसायचे.

रसूलचे वडील रहिमान यांच्या हाताखाली मी हमाल म्हणून लागलो. कुठून आलास, काय केलेस, असे त्यांनी विचारले नाही. मी आपला कोणी हसले तरी भांडायला उभा. एकदा एका गड्याने मला भित्रा म्हटले. पेव नुकतेच उघडले होते. मी कंदिलाची वाट न बघता तणतणत आत उतरलो आणि तिथेच कोसळलो. रहिमानचाचांनी तोंडाला ओले फडके बांधले, कमरेला दोर लावला आणि माझ्यासाठी ते स्वतः खाली उतरले. घरी त्यांना नुकताच मुलगा झालेला होता.

शुद्धीवर आलो तेव्हा चाची, म्हणजे शाहजादीबी, माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या. मला वाटले आता मार बसणार. चाचा माझ्याशेजारी दम खात बसले होते. ते म्हणाले, "पेव उघडलं की आदी बसावं, गड्या. आतली वाईट हवा आपसूक जाती. तुजीबी जाईल." इतकेच बोलले. मी त्या दिवशी लहान पोरासारखा रडलो. घर सुटल्यापासून पहिल्यांदा रडलो. त्यानंतर राग आला की मी दूर जाऊन बसू लागलो. राग गेला असे नाही, पण मला त्याच्याशेजारी बसता यायला लागले.

पुढे पडीक पडलेली दोन पेवे चाचांच्या भरवशावर मी खंडाने घेतली. धंद्यात अक्कल एकच लढवली. त्या वेळी शेतकरी हळद आणून टाकी आणि वर्षाने मिळेल ती घेई. आपलीच मिळाली की नाही, हे देवाला ठाऊक. मी पेव शेतकऱ्यासमोर भरू लागलो, तोंडाच्या मातीवर त्याच्या हाताचा पंजा उठवू लागलो आणि त्याच्यासमोरच उघडू लागलो. लोक हसले. मग साताऱ्याकडून, बेळगावाकडून गाड्या सरळ माझ्या दारात यायला लागल्या. मी शेठ झालो. दोन पेवांची पुढे रांग झाली. त्यात चाचांची भागी शेवटपर्यंत राहिली आणि आज त्यांच्या मुलाला मी दान देत नाही, त्याचेच त्याला देतो आहे.

रसूलवर अट एकच. कंदील उतरवल्याशिवाय कोणाला खाली सोडायचे नाही, बाजारात भाव कितीही चढलेला असो. शाहजादीचाची आहेत तोवर सणाला त्यांचे लुगडे माझ्या नावाने जावे.

कलम चौथे. पेठेतले व्यापारी हंबीरराव माझी हळद फिकी असते असे जन्मभर सांगत आले. त्यांना सर्वांत जुन्या पेवातले एक पोते द्यावे आणि त्यांनी ते दुकानाच्या तोंडाशी ठेवावे, म्हणजे सांगताना दाखवताही येईल. त्यांच्याशी भांडताना माझे दिवस मजेत गेले.

कलम पाचवे. माझ्या मागे करावयाच्या विधींबद्दल.

माझे श्राद्ध गावी इतकी वर्षे होत आले आहे. हे मला आईने सांगितले. हळदीच्या गाडीवाल्यांकडून हरिपूरच्या कोंडीबाचे नाव तिच्या कानावर गेले, आणि श्रावणातल्या सोमवारी इथल्या संगमेश्वराच्या दर्शनाचे निमित्त करून ती, दगडाबाई, एकटी माझ्या दारात येऊन उभी राहिली. माझे तोंड दोन्ही हातांनी चाचपून म्हणाली, "दरसाल तुज्या नावाचं पान वाढत्यात. कावळा कवा शिवलाच न्हाई. तवाच म्हनलं, माजं पोरगं हाय कुटंतरी." वडील मग दर्भाचा कावळा करून पानाला लावीत आणि उरकून घेत, म्हणाली. दोघे त्यावर हसलो आणि मग हसता येईना. वडिलांबद्दल माझ्या मनात जे होते ते त्या दिवसापासून निवळत गेले. दर साल कावळा न शिवलेले पान बघत बसणारा म्हातारा माझ्या डोळ्यांपुढे आला, आणि मला त्याची दया आली. त्यांना मी क्षमा केली आहे, आणि त्यांनी मला करावी अशी इच्छा होती. ते राहून गेले.

आई गेली तेव्हा मी गावी गेलो. थोरला मुलगा म्हणून चितेशी पुढे उभे राहायचा माझा हक्क. वडील ओट्यावर होते. मानसिंग तोवर पलटणीतून हवालदार होऊन, परमुलखात लढून आलेला होता. पण वडिलांसमोर तो पुन्हा आठ वर्षांचा झाला. लोकांनी विचारले तेव्हा म्हणाला, "हे हरिपूरचं हळदीवालं शेठ. आईच्या वळखीचं." मी मागे, परक्या माणसांत उभा राहून आईची चिता बघितली. आयुष्यातले बाकी सगळे मला सोसले, हे सोसले नाही. पुढे वडीलही गेले. मला कळवले नाही. त्यानंतर मानसिंग आला नाही, आणि मीही गेलो नाही.

माझ्या चितेला अग्नी कोणी द्यावा हे मी लिहीत नाही. खाली दुसरी सही झाली तर लिहायची गरज नाही, आणि न झाली तर साळूबाई ठरवील ते मला मान्य आहे.

कलम सहावे. माझा भाऊ मानसिंग नाथाजी जगदाळे याला मी काहीही देत नाही.

हे रागाने लिहिलेले नाही. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याची साक्ष असली की पुढे तंटे निघतात. ज्याला काही मिळत नाही त्याची साक्ष चोख. म्हणून हात आवरून धरला आहे. साक्षीदाराला दोन ओळी लिहाव्या लागतात, की लिहून देणाऱ्याला मी ओळखतो आणि त्याने माझ्यासमोर सही केली. मला मानसिंगकडून त्या दोन ओळी हव्यात. बाकी काही नको.

वाट बघण्याची मुदत संक्रांतीपर्यंत ठेवली आहे. त्यानंतर मिळेल त्याची साक्ष घेऊन सही करीन, कारण माझ्या हट्टापायी रसूलचे नुकसान करण्याचा मला हक्क नाही. खरे तर मी लगेचच सही करायला निघालो होतो. रसूलनेच मला थांबवले. म्हणाला, "काका, पेवं गेली तरी मला हात हाईत. तुमाला दुसरा भाऊ कुटनं मिळनार?" आणि निरोप घेऊन तो स्वतःच वाईच्या मोटारीत बसला. परत येऊन म्हणाला, मानसिंगरावांनी निरोप ऐकून घेतला, जेवायला घातले, उत्तर दिले नाही.

येथवर मजकूर मार्गशीर्षात लिहून वाचून घेतला. बरोबर आहे.

पुरवणी. आज संक्रांतीच्या अलीकडे सांगून लिहवतो. मजकुरात बदल नाही. मानसिंग सकाळी आला आहे. मजकूर त्याला वकिलांनी वाचून दाखवला. सहाव्या कलमाशी तो उठून परसात गेला, बराच वेळ विहिरीपाशी उभा होता. आता आत येऊन बसला आहे. सबब सही करतो.

(सही) कोंडीबा नाथाजी जगदाळे

मुक्काम हरिपूर, संस्थान सांगली. शके १८६८, पौष वद्य. तारीख ११ जानेवारी १९४७.

साक्षीदार

१. लालासाहेब इनामदार, राहणार हरिपूर. लिहून ठेवणारांस मी ओळखतो. त्यांनी माझ्यासमक्ष सही केली.

२. मी मानसिंग नाथाजी जगदाळे, पेन्शनर हवालदार, स्वतःच्या हाताने लिहितो की, लिहून ठेवणार कोंडीबा नाथाजी यांस मी जन्मापासून ओळखतो. ते माझे सख्खे थोरले भाऊ आहेत. ते हयात आहेत. त्यांनी माझ्यासमोर सही केली. माझी सही वाकडी आली आहे, तरी ती माझीच आहे.