पेटीला झालेला खोकला

बाबा,

आज तालमीत मी सूर उतरवला, आणि तेव्हापासून तुमची पायपेटी डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही गोष्टी तुम्हाला सांगितल्याशिवाय पुऱ्या झाल्यासारख्या वाटत नाहीत. म्हणून आज डायरी बाजूला ठेवून हे लिहायला बसलो आहे.

मी मुंबईत विलायती संगीताचा वाद्यवृंद चालवतो, हे तुम्ही पाहिलं नाहीत. चाळीस वाजवणारे समोर बसतात, मी हातात एक काडी घेऊन उभा राहतो. या शनिवारी ऑपेरा आहे. आपलं संगीत नाटकच म्हणा, फक्त त्यात बोलणंसुद्धा गाऊनच. नायिकेचं काम करणाऱ्या बाई पन्नाशीच्या पुढच्या आहेत. शेवटच्या अंकातला वरचा सूर त्यांच्या गळ्याला आता पोचत नाही. ऑपेरा बसवणारी मंडळी मला गेल्या आठवड्यात स्पष्टच म्हणाली, आजच्या तालमीत जमलं नाही तर दुसरी गायिका आणू. तेव्हा मला आलापल्लीच्या लाकूड डेपोतली ती दुपार आठवली.

आपला चांदा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. मी नागपूरच्या कॉलेजातून सुट्टीत आलेला, व्हायोलिनसकट आणि नोटेशन वाचता येतं या तोऱ्यासकट. धानाची मळणी आटोपली की गावोगावी नाटकं लागत, आणि डेपोतली कारकुनी संपवून तुम्ही रोज संध्याकाळी पेटीवर बसत असा. दोन्ही हात सुरांवर, दोन्ही पाय भात्यावर, म्हणून सगळ्या साथीदारांना तुम्ही हनुवटीनं चालवायचात. हनुवटी वर गेली की तबला उठायचा, खाली आली की सगळे थांबायचे. मी पुढे परदेशात दोन वर्षं ही विद्या शिकलो, पण तिथल्या मास्तरांच्या हातांकडे पाहताना मला तुमची हनुवटीच दिसायची.

राजाचं काम करणारे भाऊ तुमच्याच वयाचे. धानाची शेती, आणि वर्षानुवर्षं तेच एक काम. त्या साली त्यांचा आवाज वर गेला की फाटायला लागला होता. नाटक मंडळाची माणसं नागपूरहून तरणा नट आणायच्या गोष्टी करत होती. तुम्ही म्हणालात, "रविवारच्या तालमीले या, ऐका, मंग ठरवा." ते आले आणि सागाच्या ओंडक्यांवर रांगेनं बसले.

भाऊंची पट्टी काळी चार. मी व्हायोलिन तीच धरून लावलं होतं. तुम्ही पेटीवर सूर दिलात तो काळी तीनचा, म्हणजे खालचा. तबलाही उतरलेला, तबलजीला तुम्ही आधीच सांगितलं होतं, मला नाही. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "बाबा, सूर चुकला. काळी चार पाहिजे."

डेपोच्या शेडमधलं ते दृश्य मला आजही दिसतं. मंडळाचे लोक ओंडक्यांवरून पुढे वाकले आहेत. तुम्ही माझ्याकडे पाहत नाही. तबलजी उगाच डग्ग्यावर पावडर चोळतो आहे. आणि भाऊ खांद्यावरचा दुपट्टा सारखा करत हसतात.

"अरे बाप्पा, पोराचं काय चुकलं? पेटीच म्हातारी झाली तुमची, मास्तर. आवाज खाली गेला तिचा."

"हो ना भाऊ," तुम्ही लगेच म्हणालात, "खोकला झाला तिले. आजच्या दिवस तिच्यासंगं सांभाळून घ्या."

"घेतो. आपन काय, जुन्या माणसाईचं ऐकूनच राह्यलो."

ओंडक्यांवर हशा पिकला. मी तारा उतरवल्या. भाऊ गायले, आणि वरचा सूर असा लागला की मंडळातला सगळ्यात कडक माणूस "वन्स मोअर" म्हणाला. नागपूरच्या नटाची गोष्ट तिथंच संपली.

घरी येताना तुम्ही भरभर पुढे चालत होतात. मग म्हणालात, "कान चांगला हाये तुया. तोंड बंद ठेवाचं शीक." मला राग आला होता. मी म्हणालो, पण ही फसवणूक नाही का? भाऊंना कळलं असतं तर? तुम्ही थांबलात. "त्याले कळलंच. न कळतं, तर मीच त्याले काढलं असतं. गळा जाते माणसाचा. कान गेला की मंग गानं गेलं."

या आठवड्यात चाळीस जणांच्या नोटेशनच्या वह्यांत बाईंचं ते गाणं मी स्वतः बसून खालच्या पट्टीत लिहिलं. रचनाकारानं लिहिलेला सूर हलवण्याचा मला अधिकार आहे का, हा प्रश्न आठवडाभर छळत होता. अजून सुटलेला नाही. पण खरी धास्ती वेगळीच होती. बाईंना मी काही सांगितलं नव्हतं; आज तालमीत त्यांना फरक कळलाच नाही तर?

दोन ओळी गाऊन त्या थांबल्या. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "सूर खाली आहे ना?" बाबा, इतका आनंद मला कुठल्याच टाळ्यांनी झाला नव्हता. पण भाऊंसारखी थट्टा सुचेना. चाळीस वाद्यांना एकदम खोकला झाला, असं कसं सांगणार? मी नुसतं "हो" म्हणालो. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, मग होकारार्थी मान डोलावली. मीही हनुवटी उचलली, आणि वरचा सूर लागला. शनिवारी त्याच गाणार आहेत.

तालीम संपल्यावर त्या पर्स उचलून माझ्यासमोर जरा रेंगाळल्या. तुमचं ते गळ्याबद्दलचं आणि कानाबद्दलचं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. बोललो नाही. वह्या गोळा करत राहिलो, आणि त्या गेल्या. तोंड बंद ठेवायचं तुम्ही चांगलं शिकवलंत, बाबा. उघडायचं कधी, ते मला अजून येत नाही.