नवं स्वेटर नको म्हणाल्या

चि. कांताले यवतमाळहून मायचा आशीर्वाद. आन् पहिले हे ऐक, काल घरी आली ते बिजलीची सासू, पान चावत. मागून सात महिन्याची पोटुशी बिजली. तीच व, माह्यासंगं दवाखान्यात आयाचं काम करते, दोन लेकरं गेले तिचे.

तिच्यासाठी मी पिवळ्या लोकरीचं लहानसं स्वेटर विणलं. एक बाही लांब झाली, हे तुलेच सांगते. सासूनं हात फिरवला आन् परत ठेवलं.

"मथुराबाई, नवं नको. जगत्या लेकराच्या अंगावरचं उतरलेलं द्या. तुमच्या धर्मपालचं द्या ना! त्याले दात आला तवा साऱ्या वॉर्डात गूळ वाटला म्हणे तुम्ही."

चूक माहीच. नातवाच्या गोष्टी सांगून साऱ्यायचं डोकं खाल्लं, आन् पोळ्याले तो गेला, हे एकालेही नाही सांगितलं. दवाखान्यात मी त्याले जिताच ठेवून राह्यली होती, कांता.

तोंडातून निघून गेलं, "ढाणकीहून लेकीकडून मागवते."

तू काही पाठवू नको. पेटीतलं त्याचं झबलं हलवू नको. दूध आटलं काय तुहं? दोन घास जेवते ना? जावई बोलतात काय? माही काळजी करू नको, गुडघा बरा हाये.

बिजलीले खरं सांगते आता. मंग माह्या हातचं काहीच घेणार नाहीत, तरी लांब बाही उसवून ठेवली.

बुधवारी येतो म्हणून गेल्या.

तुही माय,
मथुरा